जुन्या रेकॉर्ड्समधून सॅम्पल घ्यायचे आहेत, कमी खर्चात जोडणी कशी करावी?

म्हादई (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

डिचोलीच्या आमच्या जुन्या घराची कौले पावसाआधी परतायची होती, म्हणून माळा रिकामा केला आणि आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत रेकॉर्ड्स! मोजल्या तर ३८ एलपी, वीसेक छोट्या, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, आणि अकरा जड, काळ्या, लाखेच्या. नाट्यसंगीत, भजने, कोंकणी कांतारां म्हणजे गाणी, हिंदी सिनेमाची गाणी आणि एक पोर्तुगीज फादोची. प्लेअर मात्र घरात नाही. आई म्हणते तो कधीच भंगारात गेला.

मी हौसेने लॅपटॉपवर बीट्स बनवते. आजवर तयार लूप्स वापरत आले, पण ट्रंक उघडली त्या रात्रीच ठरवले की आता या तबकड्यांतलेच तुकडे घ्यायचे. तबल्याचा एखादा उठाव, दोन ओळींमधली पेटी, गाणे सुरू होण्याआधीची ती खरखर.

सगळे मिळून २०,००० रुपये बाजूला काढले आहेत. प्लेअर कोणता घ्यावा? तुकडे साठवून वाजवणारे वेगळे यंत्र, म्हणजे सॅम्पलर, लागते की लॅपटॉप पुरे? प्रीअँप म्हणजे नेमके काय आणि तो नसला तर काय बिघडते? आणि आपल्याकडच्या पावसात हे सगळे टिकते का? ज्यांनी केले आहे त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

चिकूवाडी (रात्री ९:५८)

सुटकेसवाला प्लेअर घ्या. ब्लूटूथ, यूएसबी, स्पीकर सगळे त्यातच. माझे पाच-सहा हजारांत काम झाले. उरलेल्या पैशांत आणखी रेकॉर्ड्स येतील.

लयवेडा (रात्री १०:२०)

चिकूवाडी, तुमचा आनंद मोडायचा नाही, पण आजोबांच्या ट्रंकेसाठी हा सल्ला मी देणार नाही.

त्या सुटकेसमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, आवाज उचलणारा भाग) असते. ते खाचेवर ५ ग्रॅमच्या वर भार टाकते. साध्या, स्वस्त मॅग्नेटिक कार्ट्रिजला ३ ग्रॅमच्या आसपास पुरतो. गाणे एकदा ऐकून ठेवून द्यायचे तर फरक जाणवणार नाही. सॅम्पल घेणारा माणूस मात्र त्याच चार सेकंदांवर चाळीस वेळा सुई ठेवतो! तेवढाच पट्टा घासला जातो, आणि एकदा गेलेला वरचा स्वर परत येत नाही. शिवाय तिथे भार कमी-जास्त करता येत नाही आणि मोटरचा वेग डुलतो. पेटीचा लांब सूर लावून पाहा, लाटेवरच्या होडीसारखा हलतो.

म्हादई, ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६० जातीचा पट्ट्यावर चालणारा प्लेअर बघा. नवा तुमच्या पैशांत बसेल, जुना मिळाला तर निम्म्यात. मागे एक खटका असतो, त्याने आतला प्रीअँप चालू किंवा बंद करता येतो. टोनआर्मचा, म्हणजे सुईच्या दांडीचा, भार कारखान्यातूनच बसवलेला असतो, त्यामुळे नवख्या हाताला चुकायला जागा कमी. मात्र तो मिनिटाला ३३ आणि ४५ फेऱ्यांवरच चालतो, लाखेच्या तबकड्यांना लागणाऱ्या ७८ वर नाही. लाखेच्या तबकड्यांचे काय करायचे ते जाणकार सांगतील.

टेक्निक्सच्या एसएल-१२०० च्या मागे लागू नका. १९७२ पासूनचे ते यंत्र आहे आणि डीजे लोक त्याच्यावर जीव टाकतात ते उगीच नाही. थेट मोटरवर फिरणारी ताटली, हाताने थांबवली तरी सोडल्याक्षणी वेग धरते. पण ते स्क्रॅचिंगसाठी, म्हणजे तबकडी हाताने पुढेमागे घासून आवाज काढण्यासाठी. सॅम्पल घ्यायला तुम्हाला स्थिर वेग आणि चांगली सुई हवी, बस्स.

तिसवाडीकर (रात्री १०:३१)

एवढी यातायात कशाला? सगळी जुनी गाणी नेटवर आहेत. उतरवून घ्यायची आणि कापायची. २०,००० वाचले.

रानभूल (रात्री १०:४९)

सगळी नाहीत हो. आमच्या घरी सत्तरी तालुक्यातल्या एका भजनी मंडळाची छोटी रेकॉर्ड आहे. मी तिच्यासाठी नेट पालथे घातले, नावसुद्धा सापडले नाही. कोंकणी कांतारांच्या कित्येक ४५ चे तसेच. लॉर्ना आणि ख्रिस पेरींची गाजलेली गाणी मिळतात, पण त्याच काळातल्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या गायकांचे काय? आणि नेटवर जे मिळते ते कोणीतरी खरखर काढताकाढता तबल्याची चाटीही काढून टाकलेले असते. मूळ तबकडी हातात असताना तिची दाबून लहान केलेली प्रत का वापरायची?

तिसवाडीकर (रात्री ११:०२)

भजनी मंडळाचे पटले. मुद्दा मागे घेतो.

अण्णा_पेडणे (रविवार, सकाळी ७:१५)

म्हादई, बाळ, मी चाळीस वर्षे रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि देवळांचे भोंगे दुरुस्त केले. डोळे आता साथ देत नाहीत, पण कान शाबूत आहेत. तुझा प्रीअँपचा प्रश्न सावकाश सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच अडतात.

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून निघणारा विजेचा संदेश अगदी बारीक, ३ ते ५ मिलिव्होल्ट. लॅपटॉपला किंवा अँप्लिफायरला याच्या शेकडो पटींनी मोठा लागतो. म्हणजे आधी तो वाढवायला हवा. पण नुसता वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापताना खर्जाचा भाग मुद्दाम दाबतात आणि वरचा उचलतात. खर्ज जसाच्या तसा कापला तर खाच एवढी रुंद नागमोडी होईल की एका बाजूला चार गाणीही मावणार नाहीत, आणि वरचे स्वर उचलले नाहीत तर ते खरखरीत बुडतील. वाजवताना याच्या बरोबर उलट करावे लागते. या नियमाला आरआयएए म्हणतात, १९५४ च्या सुमारास तो सगळीकडे एक झाला. फोनो प्रीअँप ही दोन्ही कामे करतो, वाढवतो आणि सरळही करतो. तो नसला की आवाज डबीतून आल्यासारखा पातळ. आणि प्लेअरमधला चालू ठेवून वर बाहेरचाही लावला की खर्ज घुमतो आणि आवाज फाटतो. दोहोंतला एकच.

दुसरे. बऱ्याच प्लेअरच्या मागून एक बारीक सुटी तार येते, टोकाला चिमटा. ती प्रीअँपच्या अर्थ स्क्रूला लावायची. ती मोकळी राहिली की ५० हर्ट्झची घूं सुरू, आणि ती एकदा रेकॉर्ड झाली की तबल्याच्या डग्ग्यासकट काढावी लागते.

तिसरे. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नकोस. ते भोक बहुतेक लॅपटॉपांत मोनो असते आणि माणसाच्या बोलण्यासाठी केलेले. आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी यूएसबीची छोटी पेटी घे. बेहरिंगरची यूएफओ२०२ म्हणून एक आहे, तिच्यात फोनो प्रीअँपही आहे आणि अर्थचा स्क्रूही. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. जुन्या रेकॉर्डला त्याहून जास्त लागत नाही.

आणि सुई. जुना प्लेअर घेतलास तर सुई नवी घाल, दुकानदार काहीही म्हणो. साध्या गोल टोकाच्या हिऱ्याचे आयुष्य ३०० ते ५०० तास. झिजलेली सुई खाचेत नांगरासारखी चालते. एक वही कर आणि सुई किती वाजली ते तासांत लिहीत जा.

सुरंगी (सकाळी ९:०५)

अण्णा, तुमच्या घूंवरून आठवले. मी फोंड्याला जुन्या घरात राहते. अर्थची तार जागेवर होती, तरी हम जाईना. तीन संध्याकाळी वाया गेल्या. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि पूर्ण शांत! तेव्हापासून लॅपटॉप आधी भरून घेते आणि रेकॉर्डिंग बॅटरीवरच करते. एक पैसा खर्च नाही.

वायरमनने पुढे सांगितले की आमच्या घराचा अर्थचा खड्डाच कोरडा पडला आहे. चिऱ्यांची जमीन, एप्रिल-मेमध्ये वाळून खडखडीत होते. त्याने मीठ-कोळसा घालून वर पाणी ओतायला सांगितले. म्हादई, घर जुने असेल तर आधी ते बघून घ्या. तुमच्या जिवासाठीही तेच चांगले.

अण्णा_पेडणे (सकाळी ९:३०)

बरोबर सांगितलेस, सुरंगी. फक्त वाचणाऱ्यांचा घोटाळा नको. प्लेअरची बारीक तार प्रीअँपलाच लावायची, भिंतीतल्या तीन पिनच्या अर्थला नाही.

कुळागर (सकाळी ११:१८)

माझा किस्सा लिहितो, कोणाचे तरी नुकसान टळेल.

आमचे मामा तारवटी. वीस वर्षे बोटीवर. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी एक भारी प्लेअर आणला होता, लाकडी पेटीचा, जड ताटलीचा. त्यांच्या पश्चात तो माझ्याकडे आला. मागे ११० व्होल्ट लिहिले होते हे नशिबाने मी वाचले, म्हणून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणून लावला. ताटली फिरली, आवाज आला. मी खूश. महिनाभर सॅम्पल घेत राहिलो, गाणी जरा भारदस्त वाटत होती एवढेच. मला वाटले, जुना माल, जुना आवाज.

एके दिवशी वडील पेटी घेऊन बसले आणि रेकॉर्डबरोबर वाजवू लागले. नाट्यपद होते. दोन ओळी झाल्या आणि थांबून म्हणाले, "हे कोण गातंय? हा बुवा काळी चारच्या खाली कधी गायलेला नाही, आणि इथे पांढरी चार लागतेय." मी म्हटले, पेटी उतरली असेल. ते काही बोलले नाहीत. उठून दुसरी पेटी आणली. तीच गत.

मग शोधले. तो प्लेअर वीज ज्या वारंवारतेने येते तिच्यावर वेग ठरवणाऱ्या मोटरचा. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. म्हणजे ३३ ची तबकडी २८ च्याही खाली फिरत होती आणि सगळी गाणी तीन पट्ट्यांहून थोडी जास्तच खाली! महिनाभराची सॅम्पल्स सगळी चुकीच्या सुरात. बाहेरून आणलेले यंत्र घेणार असाल तर मागची पाटी पूर्ण वाचा, नुसते व्होल्ट नाही, हर्ट्झही.

सदाशिवी (दुपारी १२:०२)

कुळागर, वडिलांच्या कानांना दंडवत! आधी घेतलेल्या फायली टाकू नका. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलण्याची सोय आहे, तिथे १.२ ने गुणा. साठ भागिले पन्नास. ती सोय वेग आणि सूर दोन्ही एकत्र उचलते, म्हणून आवाज नैसर्गिकच राहतो. नुसती पिच बदलणारी दुसरी सोय वापरू नका, तिने तबला चिंध्या झाल्यासारखा वाजतो.

कुळागर (दुपारी १२:१५)

केले. वडिलांना ऐकवले. "आता तो बुवा," म्हणाले. अनेक आभार.

म्हादई (दुपारी १:३०)

किती मोलाचे लिहिता तुम्ही सगळे! अण्णा, वही आजच आणते. लाखेच्या अकरा तबकड्यांचे काय करू? त्यांच्यावर पांढरट बुरशीचे ठिपके आहेत.

चिकूवाडी (दुपारी १:४१)

बुरशीला एक रामबाण आहे. सुताराचा पांढरा गोंद तबकडीवर सारखा पसरायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी पापुद्र्यासारखा सोलून काढायचा. खाचेतली सगळी घाण त्याच्याबरोबर येते. मी चार एलपी अशा केल्या, नव्यासारख्या झाल्या.

अण्णा_पेडणे (दुपारी १:५५)

थांब, थांब! लाखेवर हे करू नकोस हो!

लयवेडा (दुपारी २:१०)

गोंदाची युक्ती प्लॅस्टिकच्या एलपीवर चालते, मान्य. पण थर पातळ पडला तर तुकडे तुटून खाचेत बसतात आणि मग ते काढणे हे त्याहून मोठे काम. माझी एक ४५ तशी गेली. म्हादईने पहिल्याच आठवड्यात असले प्रयोग करू नयेत.

अण्णा_पेडणे (दुपारी २:४०)

लाखेची तबकडी म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच ना? म्हणून एलपी पुसायचे अल्कोहोल मिसळलेले पाणी लाखेला लावले तर खाचच विरघळेल. तिथे फक्त डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब. मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसायचे, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचे नाही, आणि लगेच कोरडे करायचे. बुरशी उडते तेव्हा तोंडाला फडके बांध.

सुईचेही वेगळे आहे. एलपीच्या सुईचे टोक ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १८ मायक्रॉन. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला ३ मिलची सुई लागते. एलपीची सुई तिथे घातलीस तर ती खाचेच्या तळाशी लोळत राहील आणि तिथली घाणच ऐकवील. लयवेडाने सांगितलेल्या प्लेअरला ७८ साठीची वेगळी सुई बसते, बोटाने काढून घालायची. आता वेग. तुझा प्लेअर ४५ वर वाजव, रेकॉर्ड कर आणि मग सदाशिवींनी सांगितलेल्या जागी ४५ वरून ७८ निवड.

आणखी एक. जुन्या मोनो तबकड्यांत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, पण आपली सुई उभी हालचालही ऐकते, आणि त्यात असते ती नुसती खरखर. दोन्ही बाजू एकत्र करून मोनो केलेस की ती उभी खरखर एकमेकींना खाऊन टाकते. एक बटण दाबायचे काम, पण पडदा बाजूला झाल्यासारखे वाटते.

सदाशिवी (दुपारी ३:०५)

अण्णा, एक पुरवणी. आरआयएएची दुरुस्ती पूर्ण वेगासाठी आहे. ४५ वर वाजवून वेग वाढवला की ती दुरुस्ती चुकीच्या जागी पडते, आणि जुन्या ७८ मुळात आरआयएएच्या आधीच्या. संग्रहासाठी जतन करायचे असेल तर हे पुरणार नाही.

अण्णा_पेडणे (दुपारी ३:२०)

खरे आहे. बीटसाठी पुरेल. संग्रहासाठी ७८ वर फिरणारा प्लेअर हवाच.

लयवेडा (रात्री ८:५०)

आता सॅम्पलरचे. म्हादई, वेगळे यंत्र आत्ता घेऊ नका.

१९८७ साली ई-म्यूचा एसपी-१२०० आला. १२ बिट, आणि सगळे मिळून सॅम्पलला जेमतेम दहा सेकंद. न्यू यॉर्कच्या पोरांनी त्यावर उपाय काढला. ३३ ची एलपी ४५ वर वाजवायची, म्हणजे तुकडा कमी सेकंदांत मावतो, आणि यंत्रात घेतल्यावर तेवढाच खाली उतरवायचा. उतरवताना जो खरबरीत, जाड आवाज येतो तोच त्या काळच्या हिप-हॉपचा आवाज. पुढच्या वर्षी रॉजर लिन यांनी अकाईसाठी एमपीसी६० केला आणि पॅडवर बोटांनी सॅम्पल वाजवायची पद्धत रुळली.

हे सगळे आज लॅपटॉपवर फुकट करता येते. ऑडॅसिटीत रेकॉर्ड करायचे, आवाजाचे शेंडे उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. तुकडा कापताना लाट जिथे शून्य रेषा ओलांडते तिथेच कापायचा, नाहीतर प्रत्येक लूपला टक वाजते. फोनवर कोआला सॅम्पलर नावाचे अॅप आहे, अगदी थोड्या पैशांत, त्याच्या पॅडवर मी बसमध्ये पणजी ते मडगाव पूर्ण बीट बसवली आहे.

आपल्या गाण्यासाठी एक हिशेब. ४५ ची तबकडी ३३ वर वाजवली तर सूर पाच पट्ट्यांहून किंचित जास्त उतरतो. काळी चारमधले गाणे काळी दोनच्या जरासे खाली येते. तो "जरासा" सुधारून घ्या, नाहीतर वर बसवलेली पेटी बेसूर लागेल. आणि तुकडा शक्यतो तबकडीच्या बाहेरच्या बाजूचा घ्या. एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटरने जाते, आतल्या टोकाला २१ च्या आसपास. तेवढ्याच आवाजाला जागा निम्म्याहून कमी, म्हणून शेवटच्या गाण्यातला "स" फाटतो.

वकील_तिठा (रात्री १०:१५)

कोणीच विचारले नाही म्हणून मी लिहितो. घरी बसून स्वतःसाठी काही करा, कोणी विचारत नाही. प्रकाशित करणार असाल तर दोन हक्क वेगवेगळे समजून घ्या.

एक हक्क ध्वनिमुद्रणावर. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे. म्हणजे १९५५ ची रेकॉर्ड २०१५ अखेर मोकळी झाली, १९७२ ची २०३२ अखेर होईल. दुसरा हक्क शब्दांवर आणि चालीवर. तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, त्यांची पदे केव्हाच सर्वांची झाली. पण १९५५ च्या कोंकणी गाण्याचा कवी २००२ मध्ये गेला असेल तर ध्वनिमुद्रण मोकळे, गाणे बंद. "चारच सेकंद घेतले" या सबबीवर विसंबू नका. तबकडीच्या मधल्या कागदाचा फोटो काढून ठेवा, क्रमांक आणि नावे तिथेच असतात.

रानभूल (रात्री १०:४०)

नावांवरून सांगते. हिंदी सिनेमाच्या त्या काळच्या रेकॉर्डवर संगीतकाराचे नाव मोठे असते, पण वाद्यमेळ लिहून देणारे किती गोंयकार होते! सेबास्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांची तर गणतीच नाही. म्हादई, तुझ्या ट्रंकेतल्या सिनेमाच्या एलपीमधून ब्रासचा तुकडा घेशील तेव्हा तो बहुधा सासष्टीच्या कुठल्यातरी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, शिकलेल्या माणसाचाच श्वास असेल.

कुळागर (रात्री ११:०५)

रेकॉर्डचाच विषय आहे तर केरीच्या केसरबाई केरकरांना विसरून कसे चालेल? त्यांचा "जात कहाँ हो" हा भैरवीचा तुकडा १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीवर गेला. ती तबकडी १६⅔ फेऱ्यांवर वाजते आणि सोबत कार्ट्रिज आणि सुईसुद्धा पाठवली आहे. व्हॉयेजर-१ सुटले ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आमच्या फोंडा तालुक्यातला तो आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला आहे.

सुरंगी (रात्री ११:१२)

अण्णांचे शिष्य असणार पाठवणारे. सुई नवी घालूनच पाठवली!

तिसवाडीकर (सोमवार, सकाळी ८:२०)

मी आधी उलटे बोललो होतो, आता कामाचे सांगतो. चतुर्थीला घुमट आरती रेकॉर्ड करा. घुमट (कातडे ताणलेले मातीचे तालवाद्य), शामेळ, कांसाळें, समोर फोन धरला तरी पुरे. तुमच्या वाड्यावरच्या मंडळींना विचारून घ्या, कोणी नाही म्हणणार नाही, उलट दोनदा वाजवून दाखवतील. वकीलसाहेबांचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. रेकॉर्डमधली पेटी आणि खाली घुमटाचा ठेका, कल्पना करा. (घोरपडीच्या कातड्याचे घुमट आता कायद्याने चालत नाही, बकरीच्या कातड्याचे वाजवतात. खर्ज जरा वेगळा येतो, पण येतो.)

चिकूवाडी (सकाळी ८:४५)

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानात कधीकधी रेकॉर्ड्स दिसतात. हातात घेऊन उजेडात तिरक्या धरा. नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडा, नुसता दिसणारा असेल तर घ्या. आणि लयवेडा, तुमचे वाचून मी सुटकेस आता फक्त बाजारातल्या रेकॉर्ड्स तपासायला वापरतो. चांगल्या प्लेअरसाठी पैसे साठवतो आहे.

सुरंगी (सकाळी ९:३५)

पावसाचे कोणी लिहिले नाही. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, आडव्या थप्पीत त्या वाकतात. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, जुलैत ती भिंत घामेजते. आतली प्लॅस्टिकची पिशवी जुनी, चिकट झाली असेल तर काढून टाका, बुरशी तिथेच धरते. कव्हर ओलसर लागले तर तबकडी बाहेर काढून कव्हर पंख्याखाली ठेवा, उन्हात कदापि नको. आणि वीज गेली की प्लेअरची पिन काढा. ती परत येताना झटका देते.

म्हादई (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:३०)

सगळ्यांना नमस्कार. जोडणी झाली!

मडगावच्या एका गृहस्थांकडून एलपी६० वापरलेला मिळाला, ६,५०० ला. पट्टा ताणला होता, तो नवा घातला. सुई नवी. यूएसबीची छोटी पेटी ओळखीतून जुनी मिळाली. ७८ ची सुई मागवली आहे, ती धरून १२,००० च्या आत बसले. उरलेले पैसे बुरशी धरलेल्या कव्हरांसाठी नवीन पिशव्यांना आणि अर्थच्या खड्ड्याला गेले. सुरंगीताई, खड्डा तुमच्यासारखाच कोरडा निघाला. वायरमन खणत होता आणि आई मिठाचे डबे आणून देत होती.

पहिल्या रात्री मी प्रीअँप दोन्हीकडे चालू ठेवला आणि खर्ज एवढा घुमला की खिडकीचे गज थरथरले. मग अण्णांचे वाक्य आठवले, दोहोंतला एकच. खटका सरकवला आणि पेटी समोर येऊन बसली.

आता पहिली बीट. एका कोंकणी ४५ वर कडेपासून आतपर्यंत सरळ ओरखडा आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीला एक टिक. मी ती काढायला बसले होते. काढताकाढता लक्षात आले की तबकडी मिनिटाला ४५ वेळा फिरते, म्हणजे टिकही मिनिटाला ४५. दोन टिकांच्या बरोबर मध्ये एक ठोका टाकला की ९० ची लय, मला हवी होती तीच! म्हणून टिक ठेवली. तीच माझी हाय-हॅट, म्हणजे ड्रमवरची झांज. तिच्यावर त्याच गाण्याच्या आधीचे ट्रम्पेटचे चार स्वर, आणि खाली तिसवाडीकरांनी सांगितलेले घुमट. चतुर्थी लांब आहे, पण शेजारच्या काकांनी पडवीत बसून वाजवून दिले. ते दोनदा नाही, पाऊण तास वाजवत होते.

वकीलसाहेब, गाणे १९६८ चे आहे, म्हणून कुठे टाकत नाही. इथल्या कोणाला ऐकायचे असेल तर डिचोलीला या, चहा आहे.

लयवेडा (रात्री १०:४८)

येत्या रविवारी येतो. ती टिक मला ऐकायचीच आहे.

कुळागर (रात्री ११:०१)

वडिलांना घेऊन येऊ का? पेटी आमची आम्ही आणू.

म्हादई (रात्री ११:०४)

नक्की आणा! ट्रंकेतली नाट्यपदे त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवते. बुवा कोणत्या पट्टीत गातात ते तपासून घेऊ.

अण्णा_पेडणे (सोमवार, सकाळी ६:५०)

शाब्बास, बाळ. वहीत तास लिहिलेस का?

म्हादई (सकाळी ७:३५)

लिहिले, अण्णा. कालचे धरून साडेअकरा.